कच्च्या लिंबाची बखर

लपंडाव असो, लगोरी असो की विटीदांडू असो, आपल्याकडच्या मुलांच्या खेळात एक जागा फार पूर्वीपासून राखून ठेवलेली आहे. ती जागा कच्च्या लिंबाची. कोणाचे तरी धाकटे भावंड हट्ट धरून अंगणात येते. त्याला घरी पाठवावे तर आत आई रागावणार, आणि खेळात घ्यावे तर डाव बिघडणार. मग थोरली मुले दोन शब्दांत तोड काढतात : हा कच्चा लिंबू. त्याने धावावे, लपावे, आरडाओरडा करावा. पण तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही आणि बाद झाला तरी तो बाद धरत नाहीत. त्याच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही, आणि आपण मोठ्यांत खेळलो या आनंदात तो रात्री झोपी जातो. हा कायदा कोणी कागदावर लिहिला नाही, आणि तो मोडल्याचेही मी कधी ऐकले नाही.

संगणकावर आणि अलीकडे मोबाइलवर, दूरदूरच्या अनोळखी माणसांनी एकत्र येऊन खेळायचे जे खेळ निघाले आहेत, ज्यांना सगळे ऑनलाइन गेम म्हणतात, त्यांचा इतिहास वाचण्याचा नाद मला काही वर्षांपासून लागला आहे. त्यांतल्या लढायांचे मला फारसे कौतुक नाही. माझे लक्ष असते ते दारात उभ्या असलेल्या नवख्याकडे. त्याचे पुढे काय झाले? त्याला आत घेतले की हाकलले? या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या बखरीतून माझी अशी समजूत झाली आहे की, नवख्याला शिवी मिळणार की हात मिळणार, हे खेळणाऱ्यांच्या घरच्या वळणावर फारसे अवलंबून नसते. नवख्याच्या चुकीचा भुर्दंड कोणाला बसतो, यावर ते ठरते. अंगणातल्या मुलांना हे उपजतच कळले होते. मोठमोठ्या कंपन्यांना ते कळायला बराच काळ लागला, आणि मध्यंतरी पुष्कळ नवखे रडून घरी गेले.

आरंभ इंग्लंडात झाला. १९७८ साली एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने 'मड' हा खेळ लिहायला घेतला, आणि १९८० पासून त्याचा मित्र रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर नुसती अक्षरे. तुम्ही अमुक वाटेवर उभे आहात, समोर अमुक आहे, असे वर्णन यायचे, आणि 'उत्तरेकडे' असे टाइप केले की तुम्ही उत्तरेकडे गेलात. पण त्याच वाटेवर त्याच वेळी दुसरा जिवंत माणूस चालत असे, ही नवलाई होती. पुढे विद्यापीठाचे यंत्र उत्तररात्री मोकळे असताना बाहेरच्या लोकांनाही टेलिफोनच्या तारेवरून आत यायची मुभा मिळाली. इंग्लंडातली काही मंडळी झोपमोड करून आणि टेलिफोनचे बिल वाढवून या अक्षरांच्या भुयारात उतरू लागली.

या भुयारात वर्णव्यवस्था होती. तळाच्या पायरीवर नवखा आणि सर्वांत वरच्या पायरीवर 'विझर्ड', म्हणजे मांत्रिक. मांत्रिकाला अदृश्य होता येई, दुसरा काय करतो आहे ते चोरून पाहता येई, नकोशा माणसाला खेळाबाहेर फेकता येई. अशी सत्ता हाती आल्यावर कोणी वाटाड्या होतो, कोणी जमादार होतो. बार्टलने हे सारे जवळून पाहिले आणि १९९६ साली एक निबंध लिहिला, तो आजही या विषयातला पायाचा दगड मानतात. त्याने खेळणाऱ्यांच्या चार जाती पाडल्या आणि त्यांना पत्त्यांची नावे दिली. गुण आणि धन गोळा करणारे ते चौकट. नवे प्रदेश खणून काढणारे ते इस्पिक. गप्पागोष्टींसाठी येणारे ते बदाम. आणि दुसऱ्याला छळण्यात ज्यांना सुख वाटते ते किलवर. (या चौथ्या जातीला मूळ इंग्रजीत 'किलर' म्हणतात आणि आपल्याकडे त्या पानाला किलवर म्हणतात, हा निव्वळ योगायोग, पण मोठा मार्मिक.) बार्टलने दाखवून दिले की किलवर फार वाढले की बदाम खेळ सोडून जातात. नवखा माणूस प्रथम बहुधा बदामच असतो. तो बिचारा बोलायला आलेला असतो.

बार्टलचा निबंध निघाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९९७ च्या सप्टेंबरात, अमेरिकेत रिचर्ड गॅरियट यांच्या ओरिजिन कंपनीने 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ सुरू केला, आणि किलवरांना अक्षरशः कुरण मिळाले. हा खेळ म्हणजे ब्रिटानिया नावाचे एक आख्खे राज्य. त्यात राजवाडे होते तसे मेंढ्यांचे कळपही होते. तुम्हाला वाटले तर योद्धा व्हा, नाही तर मेंढ्यांची लोकर कातरा, शिंपीकाम करा, खाणीत कुदळ चालवा. कल्पना मोठी रम्य होती. पण शहराच्या वेशीपर्यंतच शिपायांचा पहारा. वेस ओलांडली की कोणीही कोणालाही मारावे आणि मृताच्या अंगावरचे सारे काढून घ्यावे, अशी मोकळीक. पेंढाऱ्यांच्या काळात एकट्यादुकट्या वाटसरूची जी गत होत असेल, तीच इथे नवख्याची होऊ लागली. संध्याकाळभर कुदळ चालवून त्याने चार पैशांचे लोखंड जमवावे, आणि वेशीजवळ टपून बसलेल्या चौघांनी ते पाच पळांत लुटावे.

मरणानंतरची तऱ्हा आणखी करुण. मेलेला खेळाडू भूत होऊन फिरे. तो जे बोले ते जिवंतांना नुसते 'ऊऽ ऊऽ' असे दिसे. भुतांची भाषा समजण्याची विद्या ज्याने शिकून घेतली असेल त्यालाच ते कळे. ज्याला अजून जिवंत माणसाशी बोलायचे कसे ते नीट ठाऊक नाही, तो पहिल्याच दिवशी भूत होऊन ऊऽ ऊऽ करत रानोमाळ हिंडतो आहे, हे चित्र मला केव्हाही विनोदी वाटलेले नाही. लुटणाऱ्यांना मात्र वाटे. त्यांचे म्हणणे असे की धोका आहे म्हणून तर या जगाला चव आहे. ते अगदीच खोटे नव्हते. पण त्या चवीचे पैसे भरत होता नवखा, आणि तो महिन्याची वर्गणी देऊनच लुटला जात होता!

कंपनीने उपाय पुष्कळ केले. खुन्याची अपकीर्ती व्हावी, त्याचे नाव लाल अक्षरांत दिसावे, अशा तरतुदी झाल्या. पण खुनी लाल नावाचाच अभिमान बाळगू लागले. अखेर २००० साली तिने एक अचाट गोष्ट केली. सारे जगच दोन केले. ब्रिटानियाच्या आकाशात फेलुका आणि ट्रॅमेल असे दोन चंद्र होते, त्यांची नावे दोन जगांना दिली. तेच डोंगर, त्याच नद्या, तीच शहरे. पण ट्रॅमेलमध्ये संमतीवाचून कोणी कोणाला मारू शकत नाही, आणि फेलुकात जुनाच कारभार. बहुसंख्य लोकांनी बोचकी उचलली आणि ते ट्रॅमेलला राहायला गेले. वर्गणीदार वाढले. फेलुकात किलवर उरले, आणि त्यांना मारायला कोणी उरले नाही. जुने खेळाडू आजही हळहळतात की त्या दिवशी खेळातला जीव गेला. मला त्यांची हळहळ समजते. ट्रॅमेल म्हणजे सगळ्यांनाच कच्चा लिंबू करून टाकणे, आणि सगळेच कच्चे लिंबू असले तर लपंडाव कसला? पण ज्यांनी पाच पळांच्या गंमतीसाठी वेशीवर माणसे भुते केली, त्यांनी ही हळहळ करावी हे काही मनाला पटत नाही.

याच सुमारास नवख्याला एक नाव चिकटले. व्हिएतनामच्या युद्धाच्या काळी अमेरिकन सैन्यात नव्या भरतीच्या शिपायाला 'न्यूबी' म्हणत. तो शब्द संगणकाच्या जगात आला, झिजला आणि 'नूब' झाला. पुढे खेळणाऱ्यांनी या दोहोंत एक बारीक भेदही केला : न्यूबी म्हणजे ज्याला येत नाही पण शिकायचे आहे तो, नूब म्हणजे ज्याला येत नाही आणि शिकायचेही नाही तो. आपल्याकडे नवशिका आणि आडमुठा यांत आहे तसाच हा भेद. कागदावर तो फार न्याय्य दिसतो. प्रत्यक्षात समोरचा शिकू इच्छितो की नाही, हे पाहायला सवड कोणाला असते? दोघांच्याही वाट्याला दुसराच शब्द येतो.

आता ज्या खेळात हा शब्द सर्वांत जास्त उच्चारला गेला असेल, त्याकडे वळतो. 'वॉरक्राफ्ट ३' या खेळावर हौशी लोकांनी २००३ साली 'डोटा' नावाचा एक खेळ रचला. पाच विरुद्ध पाच, आणि एक डाव अर्ध्यापाऊण तासाचा, कधी त्याहून लांब. याची रचना ज्यांना समजून घ्यायची असेल त्यांनी हुतूतू आठवावा. हुतूतूत आपला गडी मेला म्हणजे नुसता आपला एक गडी कमी होत नाही. प्रतिपक्षाला गुण मिळतो आणि त्यांचा मेलेला गडी जिवंत होतो. डोटात त्याहून पुढची गोष्ट आहे. तुमचा गडी मेला की मारणाऱ्याला सोने मिळते, अनुभव मिळतो. त्या सोन्याने तो शस्त्र घेतो आणि त्या शस्त्राने तुमच्या उरलेल्या चौघांना मारतो. नवखा दहा वेळा मेला, तर त्याने शत्रूला दहा वेळा जेवू घातले. तिथल्या भाषेत त्याला 'फीडर' म्हणजे जेवू घालणाराच म्हणतात. बरे, त्याला बदलता येत नाही, डाव सोडून जाता येत नाही. गेलात तर पळपुटे म्हणून तुमची नोंद होते. चार अनोळखी माणसे पाऊण तास एका नवख्याबरोबर कोंडलेली असतात, आणि त्याच्या प्रत्येक चुकीचा भुर्दंड ते भरत असतात. मग बोलण्यात साखर कोठून येणार?

या खेळाच्या आरंभीच्या दिवसांत डाव मांडणारा डावाच्या नावातच लिहून टाकी की नवख्यांनी येऊ नये. आत आलाच तर त्याला बाहेर काढी. नको असलेल्यांच्या याद्या करून ठेवणारी साधनेही निघाली. नवख्याला शिकायचे तर खेळले पाहिजे, आणि खेळायचे तर आधी शिकलेले असले पाहिजे. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी, या आपल्या ओळखीच्या कोड्यासारखेच हे कोडे.

याच घराण्यातला 'लीग ऑफ लेजंड्स' २००९ साली निघाला. त्याच्या कंपनीने शिवीगाळीला आळा घालण्यासाठी २०११ पासून चक्क खेळाडूंची पंचायत बसवली. तक्रार आलेल्या डावातले बोलणे पंचांपुढे ठेवायचे आणि त्यांनी शिक्षा की माफी ते सांगायचे. २०१४ मध्ये ती पंचायत उठली. मधल्या काळात कंपनीच्या अभ्यासकांना एक गोष्ट आढळली, ती मला पंचायतीपेक्षा मोलाची वाटते. हाडाचे दुष्ट लोक फार थोडे होते आणि एकंदर शिवीगाळीत त्यांचा वाटाही थोडाच होता. बाकीची शिवीगाळ केली होती एरवी नीट वागणाऱ्या साध्या माणसांनी.

मग नवख्याला नवख्यांतच का खेळवू नये? हा विचार कोल्हापूरच्या कोणत्याही वस्तादाला नवा नाही. तो जोड पाहूनच कुस्ती लावतो. बुद्धिबळात आर्पाड एलो या अमेरिकेत स्थायिक झालेल्या हंगेरियन प्राध्यापकाने बळ मोजण्याचे गणित बसवले. अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने ते १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारले. त्याच वळणाची गणिते पुढे ऑनलाइन खेळांनी घेतली, आणि आता बहुतेक खेळांत यंत्रच जोड लावते. पण माणूस यंत्राला पुरून उरतो. १९९६ च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट २' मधल्या दोन तरबेज खेळाडूंशी कोणी खेळेना, म्हणून त्यांनी व्यंगचित्रांतल्या 'स्मर्फ' नावाच्या निळ्या बुटक्यांची नावे घेतली आणि नवख्याचे सोंग आणून ते लोकांना हरवू लागले. तेव्हापासून अशा सोंगाड्यांना स्मर्फ म्हणतात. डोटाची पुढची आवृत्ती चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२३ साली अशी ९०,००० खाती एकदम बंद केली. बालवाडीच्या शर्यतीत मिशा काढून उतरणाऱ्या एवढ्या माणसांचा आकडा वाचून मी थक्क झालो.

या निराशाजनक प्रकरणांनंतर वाचकांना मी आइसलंडला नेतो. तिथल्या सीसीपी या कंपनीने २००३ साली 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा अंतराळातला खेळ काढला. फसवणूक, लूट, हेरगिरी, विश्वासघात, सारे तिथे नियमात बसते. शिवाय तिथली कौशल्ये घड्याळाबरोबर वाढतात; तुम्ही झोपलात तरी वाढतात. म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेल्याला आज आलेला कधी गाठूच शकणार नाही, असा तो हिशेब होता. (२०१६ मध्ये कौशल्ये विकत घ्यायची सोय झाली, तेव्हा तो थोडा मोडला.) अशा ठिकाणी नवख्याचे हाल कुत्रा खाणार नाही, असेच कोणालाही वाटेल. पण गंमत अशी की नवख्याचे जेवढे अगत्य मला इथे आढळले तेवढे क्वचितच कुठे आढळले असेल. या लुटारूंच्या विश्वात कंपनीने कच्च्या लिंबाचा एक कायदा मात्र केला : नवे खेळाडू जिथे प्रथम उतरतात त्या ठरावीक तारामंडळांत त्यांना फसवायचे किंवा छळायचे नाही. छळणाऱ्याचे खाते बंद होऊ शकते.

तेवढ्यावर थांबते तर ते सरकारी औदार्य झाले असते. खरी गोष्ट युद्धाच्या शास्त्रात आहे. तिथली जहाजे संकटात सापडली की प्रचंड वेगाने उडी मारून निसटतात. पण एक लहानसे यंत्र शत्रूवर रोखले की त्याची उडी बंद पडते, आणि हे यंत्र अगदी स्वस्तातल्या, चिमुकल्या जहाजावरही बसते. हे जहाज चालवायला वर्षांचे कौशल्य लागत नाही. थोड्या दिवसांची तयारी पुरते. म्हणजे महिनोन् महिने खपून बांधलेले अजस्र जहाज परवा आलेला पोरगा धरून ठेवू शकतो, मागून त्याचे साथीदार येईपर्यंत. तो मरतो, पण त्याचे जाते काय? फुटकळ किमतीचे एक जहाज. जड तोफखाना घेऊन आलेल्या फौजेला हलक्या घोड्यांच्या टोळ्यांनी कसे जेरीस आणले, हे ज्यांच्या पूर्वजांना पाठ होते, त्यांना यातले मर्म अधिक सांगायला नको.

हे मर्म एका टोळीने नेमके हेरले. एका विनोदी संकेतस्थळावरची मंडळी 'गूनस्वार्म' या नावाने २००६ च्या सुमारास या खेळात घुसली. त्यांना काही येत नव्हते, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. येणाऱ्या प्रत्येक नवख्याच्या हाती ते 'रिफ्टर' नावाचे स्वस्त जहाज फुकट ठेवत आणि थव्याने चाल करून जात. मधमाशी हे त्यांचे निशाण. 'न्यूबी' या शब्दाचे स्पेलिंगही त्यांनी बदलून त्यात इंग्रजी मधमाशी आणून बसवली. जुन्याजाणत्यांची 'बँड ऑफ ब्रदर्स' ही संघटना त्यांना प्रथम हसली. दोघांत वर्षानुवर्षे युद्ध चालले, आणि २००९ च्या फेब्रुवारीत ती जाणत्यांची संघटना मोडली. ती मोडली फितुरीने, मधमाशांच्या डंखाने नव्हे, हे सांगितले पाहिजे. पण त्या युद्धाने साऱ्यांचे डोळे उघडले. नवखा हा ओझे नसून सैन्य आहे! मग त्याच्यासाठी चढाओढ लागली. २००४ पासूनच तिथे खेळाडूंनी चालवलेले 'ईव्ह युनिव्हर्सिटी' नावाचे विद्यापीठ फुकट शिकवत होते. २०१३ मध्ये निव्वळ नवख्यांची 'ब्रेव्ह न्यूबीज' ही संघटना उभी राहिली. यात साधुत्व किती आणि राजकारण किती, हा प्रश्न मी विचारत नाही. पाटलाने पेरणीला बी दिले तर त्यात त्याचाही स्वार्थ असतो. पीक तरी येते.

जपानी लोकांनी हेच निराळ्या, त्यांच्या स्वभावाला शोभेल अशा रीतीने केले. 'फायनल फँटसी १४' हा खेळ २०१० मध्ये निघाला, साफ आपटला, आणि २०१३ मध्ये नव्याने बांधून पुन्हा उघडला. त्यात नवख्याच्या नावाशेजारी एक हिरवा कोंब दिसतो. जपानात नव्याने परवाना मिळालेल्या मोटारचालकाला वर्षभर गाडीवर कोवळ्या पानाची हिरवी-पिवळी खूण लावावी लागते, ती पद्धत १९७२ पासूनची. हा कोंब तिचाच भाऊ दिसतो. पण खुणेपेक्षा हिशेब महत्त्वाचा. चौघांनी वा आठांनी मिळून एखादी गुहा सर करायची असते. त्यांतला कोणी तिथे पहिल्यांदाच आला असेल, तर शेवटी बाकीच्या सर्वांना जादा बक्षीस मिळते. डोटात ज्या नवख्यामुळे चौघांचे नुकसान होते, त्याच नवख्यामुळे इथे त्यांचा फायदा होतो. आणि तो मेला तरी 'असू द्या, पुन्हा करू' असे म्हणणारे भेटतात. माणसे तीच आहेत. यावरही कंपनीने गुरूंना मुकुटाची खूण दिली आणि गुरुपणाच्या २,००० फेऱ्या करणाऱ्याला खास वाहन देऊ केले, तेव्हा मात्र वाहनासाठी गुरू होणारे निघाले, आणि मुकुटवाल्यांची थट्टा हा तिथला नेहमीचा विनोद झाला. असो.

२०१२ चा 'जर्नी' हा छोटा खेळ मला सगळ्यांत आवडतो. वाळवंट, दूरवर एक डोंगर, आणि वाटेत भेटणारा एक अनोळखी सोबती. बोलायची सोय नाही, फक्त एक सूर काढता येतो. तो करणारे जेनोव्हा चेन यांनी सांगितले आहे की आरंभी दोघांना एकमेकांना ढकलता येत असे, तेव्हा लोक सोबत्याला मदत करायची सोडून कड्यावरून लोटत. त्यांनी ढकलणेच काढून टाकले. उपदेश केला नाही, पंचायत बसवली नाही. मग काय झाले? ज्यांनी सगळ्या गुप्त खुणा शोधल्या, त्यांना पांढरा झगा मिळतो. आणि असे पांढऱ्या झग्याचे लोक पुन्हापुन्हा त्या वाळवंटात येऊन साध्या तांबड्या झग्याच्या नवख्याला वाट दाखवत पुढे चालतात. तो मागे पडला तर थांबून सूर काढतात. नवख्याला त्यांचे नाव कळते ते अगदी शेवटी.

आपल्या घरांत हे सारे शिरले ते बहुतांशी मोबाइलवरून. २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' आले, २०२० च्या सप्टेंबरात सरकारने ते बंद केले, आणि २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने तो खेळ परत आला. सुमारे शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात आणि चौघाचौघांच्या टोळ्या करून शेवटपर्यंत तगायचे असते. आमच्या सोसायटीच्या जिन्यावर सातवी-आठवीतली मुले यात गुंग असतात तेव्हा अर्धे मराठी, अर्धे हिंदी असे बोलणे कानावर येते; 'भिडू' हा आपला जुना शब्द त्यात अजून खणखणीत आहे, हे ऐकून बरे वाटते. आणि कोणी चुकला की दोनच शब्द : नूब, नाहीतर बॉट.

या दुसऱ्या शब्दामागे मोठी कथा आहे. या खेळात खालच्या पायऱ्यांवर समोर येणारे पुष्कळसे शत्रू माणसे नसतातच; ती यंत्राने चालवलेली बाहुली असतात, त्यांना बॉट म्हणतात. त्यांची नावे माणसांसारखी असतात, पण त्यांना नेम धरता येत नाही. नवख्याने पहिल्या दिवशीच निराश होऊ नये म्हणून ही योजना. म्हणजे कंपनीने कच्चा लिंबू अखेर केला. फक्त त्याला तसे सांगितले नाही. अंगणातल्या पोराला आपण कच्चा लिंबू आहोत हे पक्के ठाऊक असे, आणि म्हणून एक दिवस ते पाय आपटून म्हणे, 'मी नाही आता कच्चा लिंबू, माझ्यावर पण राज्य आले पाहिजे.' त्या दिवशी थोरली मुले एकमेकांकडे बघत आणि हो म्हणत. इथे मुलगा पंधरा-वीस शत्रू लोळवतो, आपण शूर आहोत असे समजतो, पायरीपायरीने वर चढतो. वरच्या पायऱ्यांवर बाहुल्या विरळ होत जातात आणि एका संध्याकाळी समोर खरी माणसे उभी असतात. तो पहिल्या मिनिटाला मरतो, आणि कानातल्या यंत्रातून त्याचाच भिडू त्याला विचारतो, 'काय रे, बॉट आहेस का?'